मुलामुलींवरचे निवासी मानसोपचार : वाशिम जिल्ह्यातील पालकांसाठी

मानसिक आजार झालेल्या बहुतेक मुलामुलींवर घरी ठेवूनच उपचार होतात. पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने डॉक्टरांची भेट, रोजच्या गोळ्या, समुपदेशन आणि घरच्यांचा धीर एवढ्यावर आजार आटोक्यात राहतो. काही थोड्यांना मात्र काही दिवस, क्वचित काही आठवडे, रुग्णालयात ठेवावे लागते. ती वेळ आली की कुठे न्यायचे, पैसे कुठून आणायचे आणि तिथे लेकराला नीट वागवतील का, हे प्रश्न एकदम अंगावर येतात. मग कोणी सांगेल तिकडे गाडी वळते. यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे कायद्यात आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेत आहेत. ती आधीच ठाऊक असली तर उपचार लवकर सुरू होतात आणि फसगतही टळते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा सहा तालुक्यांचा जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश झाला. मानसिक आरोग्याचा विषय इथे निघतो तो मुख्यतः शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ साली सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात वाशिमही होते. शाळा-कॉलेजातली मुले या चर्चेत मागे राहिली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा वाशिमला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी दोन-चारशे विद्यार्थ्यांच्या कोणत्याही विद्यालयात अशी काही मुले असणार, एवढे त्यावरून समजून चालावे.

दाखल करण्याची वेळ कशी ओळखावी

परीक्षेची धास्ती, घरातली कुरबुर, मोबाइलचा नाद किंवा अभ्यासात मागे पडणे ही दाखल करण्याची कारणे नव्हेत. मुलाला शिस्त लागावी म्हणून त्याला कुठे 'ठेवून' येणे हा उपचार नाही, आणि कायद्यालाही ते मान्य नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांचे मत तातडीने घ्यावे :

• जगणे नको असल्याचे बोलणे, स्वतःला इजा करणे, निरोपाची भाषा करणे किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणे.
• कानात आवाज येतात, कोणीतरी मागावर आहे, जेवणात काही कालवले आहे असे ठामपणे म्हणणे. एकट्याने पुटपुटणे किंवा हसणे.
• अनेक रात्री जवळपास झोप नसूनही न थकता बडबड, मोठमोठ्या योजना, पैशांची उधळण, अंगावर धावून जाणे.
• खाणेपिणे जवळजवळ बंद होणे, वजन झपाट्याने उतरणे, तासन्‌तास एकाच जागी न बोलता, न हलता बसून राहणे.
• दारू, गांजा किंवा अन्य नशा थांबवताच थरकाप, भ्रम किंवा झटके येणे.

अशी लक्षणे दिसलेल्या प्रत्येक मुलाला दाखल करावेच लागते असे नाही. घरात त्याला सुरक्षित ठेवता येईल का, गोळ्या पोटात जातील का आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासणी होईल का, यावर डॉक्टर निर्णय घेतात. तोवर घरातली कीटकनाशके, तणनाशके आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा किंवा दुसऱ्याच्या घरी हलवावा. मुलाला एकटे सोडू नये. मरणाचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही; उलट मुलाला बोलायला वाट मिळते.

मुलाने काही विषारी घेतल्याचा नुसता संशय असला तरी आधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. मानसोपचाराचा विचार जीव वाचल्यावर करावा. मानसिक आजाराच्या तातडीच्या स्थितीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाचा प्रतिनिधी (मुलाच्या बाबतीत साधारणपणे पालक) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तात्पुरते उपचार करू शकतो आणि रुग्णाला योग्य रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करू शकतो.

पहिली पायरी जिल्ह्यातच

नागपूर किंवा पुणे गाठण्याआधी जिल्हा पातळीवरची तपासणी करून घेणे फायद्याचे असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली चार जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक व परिचारिका यांचे पथक आणि दहा खाटांची सोय अभिप्रेत आहे. म्हणून वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते हे आधी विचारावे. २०२४ साली वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तिथल्या सेवा जसजशा वाढतील तसतशी अकोल्याची फेरी कमी होऊ शकेल, त्यामुळे दर वेळी आधी चौकशी वाशिमलाच करावी.

रुग्णालय गाठणे शक्य नसेल तर टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मराठीतही मिळते. गरज पडल्यास तिथला समुपदेशक तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतो आणि जवळच्या केंद्राची माहिती देतो. गावपातळीवर आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी हा पहिला दुवा आहे. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांची मैत्री क्लिनिक चालतात. मानसोपचार विभागाची पायरी चढायला संकोचणारे मूल तिथे सहज जाऊ शकते.

या पहिल्या भेटीला जाताना सोबत एक साधी वही न्यावी. त्रास कधीपासून आहे, मूल रात्री किती वाजता झोपते व कधी उठते, जेवण किती, शाळा किती दिवस बुडाली, आधी कोणत्या गोळ्या दिल्या व त्याने काय झाले, घराण्यात कोणाला असा आजार होता का, हे तारखांसह लिहिलेले असावे. 'तो विचित्र वागतो' एवढे सांगण्यापेक्षा 'दिवाळीपासून रात्री दोननंतर झोपतो, आईच्या हातचे खात नाही, दुकानातला बंद पुडा आणला तरच खातो' असे सांगितले तर निदानाला कितीतरी अधिक मदत होते. गोळ्यांची रिकामी पाकिटेही टाकून देऊ नयेत. तपासणीनंतर दाखल करण्याचा सल्ला मिळाला तर सहीशिक्क्याची रेफर चिठ्ठी घ्यावी. ती नसेल तर पुढच्या रुग्णालयात सगळी तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

खाट कुठे मिळू शकते

राज्यात नागपूर, ठाणे, पुण्यातले येरवडा आणि रत्नागिरी इथे जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विदर्भासाठीचे नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे असून त्याची मंजूर क्षमता ९४० खाटांची आहे. ही रुग्णालये मुख्यतः प्रौढांना समोर ठेवून उभी राहिली. लहान वयाच्या रुग्णाला तिथे न्यायचे असेल तर मुलांसाठी स्वतंत्र जागा आहे का, हे निघण्याआधीच फोनवर विचारून घ्यावे.

किशोरवयीनांसाठी बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग अधिक सोयीचा ठरतो. तिथे बालरोगतज्ज्ञ, रक्ततपासण्या आणि इतर विभाग एकाच आवारात असतात. तापामुळे, मेंदूज्वरामुळे, फिट्समुळे किंवा थायरॉइडच्या बिघाडामुळे वागणे बदलले असेल तर तेही लवकर लक्षात येते. शिवाय 'मेडिकलला भरती केले' एवढेच गावात सांगता येते, हाही अनेक कुटुंबांना आधार वाटतो. वाशिमकरांना यांतले जवळचे ठिकाण म्हणजे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्यापुढे यवतमाळ, नागपूर, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. निदान फारच गुंतागुंतीचे असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने बंगळुरूच्या निम्हान्सचा विचार करता येतो. तिथे बाल व किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि पालक मुलासोबत राहतात.

अकोल्याला जायला वाशिमहून रेल्वे आणि एसटी दोन्ही आहेत. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गामुळे नागपूरचा प्रवास सोपा झाला आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, त्यामुळे मुलीसोबत जाणाऱ्या आईचा किंवा मावशीचा खर्च निम्म्यावर येतो. बेताल झालेल्या मुलाला मात्र बसने नेऊ नये. त्याच्यासाठी रुग्णवाहिका किंवा खासगी गाडी करावी, सोबत ओळखीची दोन माणसे ठेवावीत आणि कुठे व कशासाठी नेत आहोत हे त्याला खरे सांगावे. 'लग्नाला जातोय' म्हणून नेलेले मूल पुढे डॉक्टरांवरही विश्वास ठेवत नाही.

ठिकाण निवडताना नावापेक्षा अंतराचा आणि येण्याजाण्याचा विचार आधी करावा. घरच्यांना तिथे राहता येणे आणि नंतर दर महिन्याला पुन्हा दाखवता येणे, यावर उपचाराचे यश बरेच अवलंबून असते.

कायद्याने दिलेले संरक्षण

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातले कलम ८७ हे १८ वर्षांखालील रुग्णांना दाखल करण्याविषयी आहे, आणि पालकांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे. मुलाचा कायदेशीर पालक हाच साधारणपणे त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी असतो आणि दाखल करण्याचा अर्ज त्यानेच करायचा असतो. दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा डॉक्टर, यांनी दाखल होण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. आजार तेवढा तीव्र आहे, दाखल करणे मुलाच्या हिताचे आहे आणि घरी राहून करायचे उपचार अपुरे पडले आहेत किंवा पडणार हे उघड आहे, असे दोघांचेही मत असावे लागते.

दाखल झाल्यावर मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे, त्याच्या वयाला साजेशा जागी ठेवणे बंधनकारक आहे. प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचे असते. मुलगी दाखल असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला स्त्रीच हवी. सोबतीचा हा नियम कुटुंबाच्या सोयीचाही आहे, कारण सोबतीला आईवडीलच हवेत असे बंधन नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत घर सोडता येत नसेल, किंवा आईवडील ऊसतोडीला बाहेरगावी असतील, तर आजी, मामा किंवा मोठी बहीण यांना नेमता येते. आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हे लक्षात ठेवावे की मुलातला बदल बहुधा त्यांनाच आधी दिसतो. पण केवळ अधीक्षक म्हणून दाखल करण्याची संमती त्यांना देता येत नाही. म्हणून पालकांना लगेच बोलावून घ्यावे. जवळचे कोणीच नसलेल्या मुलासाठी बालकल्याण समितीशी किंवा १०९८ या क्रमांकाशी संपर्क साधावा.

अल्पवयीन रुग्ण दाखल झाल्याची माहिती रुग्णालयाने ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यायची असते. मुक्काम ३० दिवसांपर्यंत लांबला तर मंडळाला तसे लगेच कळवावे लागते आणि मंडळाने सात दिवसांत व त्यानंतर दर ३० दिवसांनी आढावा घ्यायचा असतो. पालकाने संमती काढून घेतली तर मुलाला घरी सोडावे लागते. विजेचे उपचार अल्पवयीनांना देण्यास मनाई आहे. फारच आवश्यक असल्यास पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. दाखल असतानाच मूल १८ वर्षांचे झाले तर ते स्वतंत्र रुग्ण गणले जाते आणि पुढचा निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

१८ वर्षांवरील तरुण स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकतो. आजारामुळे निर्णय घेणे त्याला शक्य नसेल आणि धोका मोठा असेल तरच त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तपासण्यांनंतर, जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. पुढे ठेवायचे असेल तर नव्याने तपासणी आणि मंडळाची मान्यता लागते.

चांगले केंद्र कसे पारखावे

मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय केंद्र चालवणाऱ्याला पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये आणि पुन्हा पुन्हा केल्यास ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यसनमुक्ती केंद्र, पुनर्वसन केंद्र, आश्रम अशी पाटी असली तरी मानसिक आजाराचे रुग्ण ठेवले जात असतील तर हा नियम लागू होतो. पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात :

• नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावले आहे? मानसोपचारतज्ज्ञ रोज येतात की फक्त नाव पाटीवर आहे?
• रात्री ड्युटीवर परिचारिका असते का? मुलांची आणि मुलींची जागा वेगळी आहे का?
• सोबतीचा माणूस राहू शकतो का? भेटीला आणि फोनला बंदी आहे का?
• गोळ्यांशिवाय समुपदेशन, खेळ, अभ्यास यांना वेळ ठेवला आहे का?
• किती दिवस ठेवणार आणि एकूण खर्च किती, हे लिहून मिळेल का?
• अनावर झालेल्या मुलाला कसे आवरतात?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. साखळीने बांधणे कायद्याने पूर्ण बंद आहे. एकट्याला कोंडून ठेवण्यालाही मनाई आहे. हातपाय धरणे किंवा बांधणे हे तत्काळ धोका टाळण्यापुरते, डॉक्टरांच्या परवानगीने आणि नोंद करूनच करता येते. सक्तीने डोके भादरणे, मोबदल्याशिवाय कामाला जुंपणे यांनाही बंदी आहे. 'तीन महिने भेटायला यायचे नाही' अशी अट घालणाऱ्या ठिकाणी मुलाला ठेवू नये. बंद दारामागच्या अशा केंद्रांचा धोका श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेत किशोरवयीनांच्या निवासी केंद्रांतील छळाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर केंद्रीय कायदा झाला.

वऱ्हाडात मुलाच्या वागण्यात बदल झाला की 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषी, गंडादोरा, किंवा बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा ही वाट अनेक घरे आधी धरतात. श्रद्धा हा कुटुंबाचा प्रश्न आहे. नवस फेडायला जरूर जावे, पण गोळ्या बंद करू नयेत आणि मुलाला तिथे बांधून ठेवून येऊ नये. तमिळनाडूतील एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

खर्च आणि कागदपत्रे

दारिद्र्यरेषेखालील आणि निराधार रुग्णांना सरकारी व सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत मानसोपचार मोफत मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असलेच पाहिजे असे नाही. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारयादीत मानसिक विकारांचाही समावेश आहे. दाखल होताना रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल ते पाहावे. खासगी आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण देते.

पिशवीत मुलाचे व पालकाचे आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाच्या वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रेफर चिठ्ठी, जुने केसपेपर आणि काही फोटो असावेत. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घरूनच काढून न्याव्यात. सोबत राहणाऱ्यासाठी अंथरूण-पांघरूण, ताटवाटी आणि मोबाइलचा चार्जर लागतोच.

तक्रार असल्यास ती आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे आणि समाधान न झाल्यास पुनरावलोकन मंडळाकडे लेखी करावी. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते.

घरी परतल्यावर

दाखल असतानाचा उपचार तीव्र टप्पा आवरण्यापुरता असतो. खरे काम घरी आल्यावर सुरू होते. रुग्णालय सोडण्याआधी डिस्चार्ज कार्डावर निदान, गोळ्यांची नावे व मात्रा, पुढच्या भेटीची तारीख आणि धोक्याची लक्षणे लिहून घ्यावीत. अक्षर लागत नसेल तर परिचारिकेकडून समजून घेऊन आपल्या वहीत उतरवावे. त्याच गोळ्या वाशिमच्या रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळतील का, हे तिथूनच विचारावे. मिळत नसतील तर त्याच परिणामाच्या दुसऱ्या गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारता येते. बरे वाटू लागले की गोळ्या सोडणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. गोळ्या वडीलधाऱ्यांच्या ताब्यात असाव्यात आणि रोज समोर घ्यायला लावाव्यात. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जपावे लागते. पहिली फेरतपासणी चुकवू नये.

शाळेत वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेवर द्यावे. मुख्याध्यापकांना गरजेपुरतेच सांगावे, कारण आजाराची माहिती गोपनीय ठेवणे हा मुलाचा हक्क आहे. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस असा क्रम अनेक मुलांना झेपतो. आजार दीर्घकाळ टिकणारा असेल आणि अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र घेऊन शिक्षणातल्या सवलती मिळवता येतात.

गाव आणि जिल्हा पातळीवर

एकेका कुटुंबाची धावपळ कमी करण्यासाठी काही गोष्टी सामूहिकपणे मागता येतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात किशोरवयीनांसाठी चार-सहा खाटांचा वेगळा कक्ष, सोबत राहणाऱ्याला बसण्या-झोपण्याची जागा, मानसोपचाराच्या नेहमीच्या गोळ्या तालुक्याच्या ठिकाणी वर्षभर उपलब्ध असणे, आणि घरी परतलेल्या मुलांची आशाताईंमार्फत महिन्यातून एकदा विचारपूस, या मागण्या अवाजवी नाहीत. ग्रामसभेचा ठराव, रुग्ण कल्याण समिती आणि जिल्हा नियोजन समिती हे त्यांचे रीतसर मार्ग आहेत. ठरावात नुसते 'सोय व्हावी' असे न लिहिता किती मुलांना गेल्या वर्षी जिल्ह्याबाहेर जावे लागले, कोणती गोळी किती महिने मिळाली नाही, हे नावे न देता आकड्यांत लिहावे. शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला एका शिक्षकाला मुलांच्या मानसिक आरोग्याकडे लक्ष देण्याचे काम नेमून द्यावे, १४४१६ हा क्रमांक फळ्याशेजारी लावावा आणि जिल्हा मानसिक आरोग्य पथकाला वर्षातून एकदा तरी शाळेत बोलवावे.